द्राक्षबागेत पाहुणे उतरवण्याआधी: झोन दाखल्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेच्या कडेला चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि साठ जण बसतील असे तीन बाजूंनी उघडे सभागृह, एवढे छोटे कृषी पर्यटन केंद्र जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. त्यासाठीची कागदपत्रांची धावपळ नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली होती. आता परिसरातले अनेक बागायतदार फोन करतात आणि पहिला प्रश्न हमखास असतो, "ताई, याचे लायसन नेमके कुठे मिळते?" असे एकच लायसन नसते, आणि हे सुरुवातीला कोणी सांगत नाही. महसूल खाते जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहते, नियोजन प्राधिकरण त्या जमिनीवर काय उभे राहू शकते ते पाहते आणि पर्यटन संचालनालय तिथे येणाऱ्या पाहुण्याची सोय पाहते. यांपैकी एकाची मंजुरी दुसऱ्याच्या कामी येत नाही. म्हणून सगळा क्रम घडला तसा लिहून ठेवत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्राचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले आणि त्यातून निफाड तालुक्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. त्याच्या थोडेच आधी, २००० मध्ये, नाशिकच्या सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली होती. पुढे गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीत आणि इगतपुरीकडे वायनरी वाढत गेल्या आणि नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकनही मिळाले. धोरण आखताना डोळ्यांसमोर द्राक्षे, टाक्या आणि बाटल्या होत्या. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मोटारी बहुधा नव्हत्या. आज त्या मोटारी शेतांमधून जाणाऱ्या पाणंद रस्त्यांवर येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्यासाठी जागा कुठे, किती आणि कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचे काम नियोजनाच्या नियमांवर येऊन पडले आहे. आमच्याकडे मुख्य पीक थॉमसन सीडलेस या खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाचे, आणि दीड एकरात शेनिन ब्लां ही वाइनची जात, एका वायनरीशी केलेल्या करारावर. वायनरी पाहून झालेल्या माणसाला बागेत एक रात्र राहायचे असते, हे आम्ही काही हंगाम पाहत होतो.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाले. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते, मुक्कामाच्या खोल्या आठपर्यंत ठेवता येतात, नोंदणीचे शुल्क २,५०० रुपये आहे आणि दर पाच वर्षांनी १,००० रुपये भरून नूतनीकरण करायचे असते. कागदावर हे फार सुटसुटीत वाटते, आणि नोंदणीपुरते ते आहेही. पण लहान केंद्रांना बांधकामाच्या बाबतीत मिळणारी सवलत खोल्यांपुरतीच विचारात घेतली जाते. आमच्या आराखड्यात सभागृह आणि मोठे स्वयंपाकघर होते. शिवाय बँकेने स्पष्ट सांगितले की मंजूर नकाशा नसेल तर बांधकामासाठी कर्ज मिळणार नाही. त्यामुळे रीतसर बांधकाम परवानगीचीच वाट धरणे भाग होते.

पहिला कागद झोन दाखल्याचा. आपला गट नंबर मंजूर प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात येतो, हे हा दाखला सांगतो, आणि त्यासोबत भाग नकाशाही मागून घ्यावा, कारण प्रस्तावित रस्ता किंवा एखादे आरक्षण जमिनीवरून जात असेल तर ते नकाशावरच दिसते. हा दाखला कोणाकडे मागायचा हे गावावर अवलंबून आहे: नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत तालुक्यातली सगळी गावे येत नाहीत, त्यामुळे आपले गाव आत आहे की बाहेर, याची खात्री करूनच अर्ज लिहावा. आमची जमीन शेती विभागात निघाली. ते ऐकून यजमानांचा चेहरा पडला होता, पण आमच्या आर्किटेक्टने समजावले की डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागातही शेतीशी आणि पर्यटनाशी निगडित काही वापर अटींसह चालतात. अटी कसल्या, तर भूखंडाचे क्षेत्र, बांधकामाचे प्रमाण, चारी बाजूंनी सोडायचे अंतर आणि पोहोच रस्ता. यांपैकी शेवटच्या अटीने आमचे निम्मे वर्ष खाल्ले.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. "शेतघर बांधा आणि पाहुणे ठेवा, कोण विचारतो?" असा सल्ला आम्हाला गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही दिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये शेतीवरच्या इमारतीची व्याख्या दिली आहे: अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल ठेवणे, गुरे बांधणे, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाने, गड्यांनी किंवा कुळांनी राहणे. पैसे देऊन राहणारा पाहुणा यात कुठेही बसत नाही. शेतघर म्हणून बांधलेल्या इमारतीत मुक्कामाचा धंदा चालला की तो अकृषिक वापर ठरतो आणि विनापरवाना वापर म्हणून दंडाची नोटीस येऊ शकते. शेतघर जरूर बांधावे, पण शेतघर म्हणूनच.

डिसेंबर २०२२ मध्ये सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार एकत्र लावून पाहिले, तेव्हा सातबाऱ्यावर दिवंगत आजेसासऱ्यांचे नाव अजून तसेच असल्याचे दिसले. वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवस सोडावे लागतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. याच उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा पीक कर्जाचा बोजा होता. बोजा असलेल्या जमिनीवर बांधकाम मागायचे तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि सोसायटीची बैठक महिन्यातून एकदाच होत असल्यामुळे तो महिना तसाच गेला. हे दोन्ही अर्ज झोन दाखल्याच्या अर्जासोबतच द्यावेत. एकाची वाट पाहत दुसरा थांबवण्याचे काहीच कारण नाही. आपल्या तालुक्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत आणि त्यांच्या हस्तांतरणावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. कोणी भाडेपट्ट्याने जमीन घेऊन केंद्र काढण्याच्या विचारात असेल, तर जमीन कोणाची आहे आणि भोगवटादार वर्ग १ आहे (मालकाला मोकळेपणी हस्तांतर करता येते अशी) की २ (हस्तांतरणावर बंधने असलेली), हे सर्वांत आधी पाहावे.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. साधी मोजणी आणि तातडीची मोजणी यांच्या शुल्कात मोठा फरक असतो. आम्ही तातडीची घेतली, तरी द्राक्षांची काढणी चालू असल्याने भूकरमापकांनीच एप्रिलची तारीख सुचवली. काढणीनंतरची खरड छाटणी झाली की बागेवर पाला राहत नाही आणि बांध स्पष्ट दिसतात, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. त्या सकाळी उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखवणारे रोव्हर यंत्र घेऊन ते आले. शेजारचे चारही खातेदार नोटीस मिळून हजर होते. बांधावरच्या जुन्या दगडापाशी यंत्र उभे केल्यावर पडद्यावर दिसणारा बिंदू त्या दगडापासून हातभर आत, आमच्याच बाजूला पडला, आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आमच्या चुलत सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, एका वाक्यात तो तिढा सोडवला: "हातभर मातीसाठी आता या वयात कोर्टात जायचं नाही, जिथं आहे तिथंच राहू द्या." भूकरमापकांनी वहिवाट आणि अभिलेख अशा दोन्ही रेषा नकाशात दाखवल्या आणि पुढे मोजणी नकाशाची क प्रत हाती आली. ही प्रत जपून ठेवावी. पुढची प्रत्येक फाइल तिच्यावर उभी राहते.

खरी अडचण रस्त्याची निघाली. गावनकाशात पाणंद दिसत होती, आम्ही तिच्यावरून रोज ट्रॅक्टर नेत होतो आणि तो रस्ता "आहेच" असे सगळ्यांचे मत होते. टेप लावल्यावर एका बाभळीपाशी दोन कुंपणांच्या मध्ये चार मीटरांहून थोडेच अधिक अंतर भरले. ट्रॅक्टरला तेवढे पुरते. पाहुण्यांच्या गाड्या, आणि वेळ आलीच तर अग्निशमनाची गाडी, यांना पुरत नाही, आणि नकाशा तपासणारा अधिकारी तेच पाहतो. रुंदीकरणासाठी जागा तात्यांच्या गटातून मिळणार होती. ती त्यांनी तोंडी तर लगेच दिली, पण तोंडी शब्दाला फाइलमध्ये जागा नसते. दुय्यम निबंधकांकडे रस्त्याच्या वहिवाटीचा नोंदणीकृत दस्त केला, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून घेतली, आणि त्या बदल्यात त्यांच्या बाजूचे तारेचे कुंपण नव्याने उभारून दिले. हे सर्व जुलै २०२३ पर्यंत चालले. वाडवडिलांपासूनचा रस्ता कागदावर किती रुंद आहे, हे खोल्यांचे चित्र काढण्याआधी मोजून घ्यावे, एवढे मी आता भेटेल त्याला सांगते.

ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीचा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आला. या सभेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वाइन पर्यटनाचा गावावर काय भार पडतो, हे मला कोणत्याही नियमावलीपेक्षा तिथे जास्त कळले. शेजारच्या वस्तीवरच्या एक आजी उभ्या राहून म्हणाल्या, "पिऊन आलेली माणसं वाटेत गाड्या लावून उभी राहतात, आमच्या पोरींनी शाळेतून यायचं कुठून?" आम्ही दारू विकणारच नव्हतो, पण त्यांचा प्रश्न आमच्या केंद्रापुरता नव्हता. दुसरा मुद्दा एका बागायतदार काकांनी फवारणीच्या यंत्राचा, म्हणजे ब्लोअरचा, काढला आणि तो मला अजूनही सर्वांत महत्त्वाचा वाटतो: "माझा ब्लोअर पहाटे पाचला सुरू होतो. डावणी आली तर रात्रीसुद्धा फवारतो. तुमच्या पाहुण्यांची झोप मोडली म्हणून उद्या माझ्यावर तक्रार नको, हे आधी लिहून द्या."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पाहुणा बाग पाहायला येतो, पण बाग त्याच्यासाठी चालत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत ढगाळ हवा आली की फवारणी पुढे ढकलता येत नाही, आणि शनिवार आहे म्हणून डावणी-भुरीसारखे द्राक्षावरचे रोग थांबत नाहीत. माझ्या मते वाइन पर्यटनाच्या प्रत्येक परवानगीत ही अट छापील असायला हवी. आमच्या ठरावात ती सरपंचांच्या सूचनेवरून घातली गेली: शेजारच्या शेतीकामांबद्दल केंद्रचालक किंवा त्याचे पाहुणे तक्रार करणार नाहीत, सर्व वाहने आमच्याच गटात लागतील, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, जे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार तसेही बंधनकारक आहे, आणि केंद्रात मद्यविक्री होणार नाही. ठराव एकमताने झाला असे म्हणता येणार नाही, पण झाला. ठरावाची प्रत ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदकांची नावे आणि शिक्का यांसह घ्यावी. नुसत्या लेटरहेडवरचे पत्र पुढे परत येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये बांधकाम परवानगीचा प्रस्ताव आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन दाखल झाला. त्यानंतरचा काळ सर्वांत कंटाळवाणा होता. ज्या कार्यालयात फाइल होती त्याचे नाव घेत नाही, पण त्रुटी एकदम न कळवता एकेक करून कळवल्या जात होत्या, त्यामुळे एक उत्तर दिले की काही आठवड्यांनी दुसरा प्रश्न येई. कधी सेप्टिक टँकचे विहिरीपासूनचे अंतर नकाशात दाखवलेले नाही, कधी पार्किंगची आकडेमोड जोडलेली नाही, कधी वहिवाटीच्या दस्ताची साक्षांकित प्रत हवी. दिवाळीनंतर मी स्वतः एक वही केली आणि प्रत्येक त्रुटीची तारीख, उत्तराची तारीख आणि आवक क्रमांक लिहू लागले. आवक क्रमांक सांगितला की समोरच्या टेबलावरचे संभाषण बदलते, हा माझा अनुभव आहे. या महिन्यांत घरात दोनदा "राहू द्या हे सगळे" असा सूर निघाला. सासूबाईंनी मात्र खोल्यांच्या जागेवर नवीन रोपे लावू दिली नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये मंजुरीपूर्व मागणीपत्र आले: विकास शुल्क, छाननी शुल्क, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर. महसूल विभागाने काढलेली अकृषिक आकारणी व त्यासोबतची रक्कम वेगळी भरली. सगळी चलने भरल्यावर मे महिन्यात मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करू देणारे प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले. फक्त कागदपत्रांवरचा खर्च, म्हणजे मोजणी, दस्त, आर्किटेक्टची फी आणि सर्व शासकीय रकमा मिळून, आमच्याकडे दोन लाख साठ हजार रुपयांच्या आसपास गेला. यातला मोठा वाटा फी आणि विकास शुल्काचा. बांधकाम क्षेत्र आणि जमिनीचा दर यांनुसार हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल, पण अंदाजपत्रकात ही रक्कम धरलीच नाही तर जोत्यापर्यंतच पैसे संपतात.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही. खोल्यांची दारे बागेच्या विरुद्ध बाजूला ठेवली आणि बाग व खोल्या यांच्यामध्ये शेवग्याची दाट रांग लावली, ती फवारणीचा तुषार अडवण्यासाठी. मंजूर नकाशात जे नाही ते बांधू नये. सभागृहाच्या उघड्या बाजूंना भिंती घालून घेण्याचा गवंड्यांचा आग्रह आम्ही मोडून काढला, त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे इमारत वापरू देणाऱ्या दाखल्यासाठी, झालेली पाहणी अर्ध्या तासात आटोपली.

पर्यटन संचालनालयाची नोंदणी त्यामानाने सरळ गेली. सातबारा व आठ-अ, आधार, पॅन, वीजबिल, अन्न नोंदणीचे प्रमाणपत्र आणि शुल्काचे चलन एवढे जोडले, जागेची पाहणी झाली आणि प्रमाणपत्र आले. अन्न सुरक्षा कायद्याखालची साधी नोंदणी आम्ही केली तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होत होती, वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर. स्वयंपाक घरच्याच बायका करणार असल्या तरी ती लागते.

राहिला वाइनचा प्रश्न, जो प्रत्येक पाहुणा विचारतो. वाइन द्राक्षांची असली तरी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखालीच येते, आणि ती विकायला किंवा पाहुण्यांना पैसे घेऊन द्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. कृषी पर्यटनाचे प्रमाणपत्र दाखवून वाइन देता येत नाही. "मुक्कामाच्या दरात एक ग्लास मोफत" ही पळवाटही चालत नाही. आम्ही परवाना घेतलेला नाही आणि ठरावातल्या शब्दामुळे घेणारही नाही. पाहुण्यांना सकाळी बागेत शेनिन ब्लांचे घड आणि थॉमसनचे घड शेजारी शेजारी दाखवतो, दोन्हींचे मणी चाखायला देतो, वाइनच्या द्राक्षाची जाड साल आणि आतल्या बिया त्यांना लगेच कळतात, आणि मग चाखणीसाठी परवानाधारक वायनरीत पाठवतो. तिथे वयाची अट आहे, एकवीस वर्षे पूर्ण, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवतो म्हणजे दारात वाद होत नाही. परतीला गाडी चालवणारा कोण, हेही निघण्यापूर्वीच विचारतो.

केंद्र सुरू झाल्यावरही काही कामे शिल्लक राहतात. अकृषिक झालेल्या क्षेत्राच्या आकारणीकडे लक्ष ठेवावे लागते, ग्रामपंचायतीने नव्या इमारतीची घरपट्टी लावली आहे, आणि सातबाऱ्यावर लागवडीखालचे क्षेत्र तेवढ्याने कमी दिसू लागल्यामुळे सोसायटीने पुढच्या हंगामाच्या पीक कर्जाची मर्यादा नव्याने काढली. ही शेवटची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. कर्जाचा अर्ज जूनपूर्वी द्यायचा असेल तर दुरुस्त सातबारा घेऊन सचिवांना मार्चमध्येच भेटावे.